सिम्युलेटरचं विमान का अडखळतं?

२००६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये गजबजलेल्या विमानतळावर उतरताना चित्र अडखळायचं, ग्राफिक्स कार्ड महागडं असलं तरीही! कारण उड्डाणाचं मुख्य गणित प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालायचं. बाकीचे कोअर बरेचसे मोकळे. तेव्हा कोअर वाढवण्यापेक्षा त्या एकाचा वेग वाढवणं फायद्याचं.

२०११ मध्ये आलेला इंटेलचा आय-फाइव्ह २५००के या कामासाठी शौकिनांच्या पसंतीस उतरला. त्याचा मूळ वेग १०० मेगाहर्ट्‌झ गुणिले ३३, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्‌झ. हा गुणक बदलण्याची मुभा कंपनीनंच दिलेली. बायोसमध्ये तो ४५ केला की झाले साडेचार! हेच ओव्हरक्लॉकिंग.

मात्र वेग बराच वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता चढते. म्हणून आधी चांगला कूलर बसवावा. गुणक एकेका अंकानं वाढवावा आणि दर वेळी प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तापमान पाहावं. संगणक मध्येच बंद पडला, तर एक पायरी खाली यावं. फार तापलेला प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. मग सगळा खटाटोप वायाच!