मंद दृष्टीचा वाचक आणि कचेरीतील अक्षर



माझे एक वृद्ध स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या पावसाळ्यात ते एका बँकेचा अर्ज भरीत होते. त्यात आयएफएससी म्हणून अकरा अक्षरी संकेत लिहावा लागतो. पहिली चार रोमन अक्षरे आणि पाचवे नेहमी शून्य, हा त्याचा नियम. तो माझ्या स्नेह्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी शून्याच्या जागी 'ओ' लिहिला. अर्ज परत आला. ते भिंग घेऊन पुन्हा बसले आणि पुन्हा 'ओ'च लिहिला, कारण छापील कागदावर तेथे जे होते ते 'ओ'सारखेच दिसत होते. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "आजोबा, नीट बघून लिहा की!"

या 'नीट बघून' विषयीच मला आज बोलायचे आहे. उत्तम चष्मा लावूनही, चांगल्या असलेल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ किंवा त्याहून कमी, पण ३/६० पर्यंत असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ती व्यक्ती मंददृष्टी ठरते. म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते, त्यासाठी या माणसाला ६ मीटरवर यावे लागते. हा मनुष्य आंधळा नव्हे. तो वाचतो, पण अंदाजाने वाचतो; आणि संकेतांक, रक्कम, औषधाची मात्रा यांत अंदाज चालत नाही.

अशा वाचकांसाठी अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या ब्रेल इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये 'ॲटकिन्सन हायपरलेजिबल' नावाचा फॉन्ट, जुन्या छापखान्याच्या भाषेत टाइप, तयार करविला. ॲटकिन्सन हे त्या संस्थेच्या संस्थापकांचे नाव. १९१२ साली बंदुकीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. या टाइपात शून्याला तिरकी रेघ आहे, मोठ्या 'आय'ला वर-खाली पट्ट्या आहेत, लहान 'एल'ला शेपूट आहे. अक्षरे एकमेकांशी जुळती दिसावीत हा टाइप पाडणाऱ्यांचा नेहमीचा हव्यास. येथे ती मुद्दाम वेगळी पाडली आहेत. शिवाय हा टाइप मोफत मिळतो.

मग प्रश्न असा, की कचेरीत पत्रे लिहिण्याच्या सॉफ्टवेअरबरोबरच असे टाइप का देऊ नयेत? विरोधक म्हणतात, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. प्रत्येकाची हौस पुरवू लागलो तर पेटारा फुगेल. युक्तिवाद वरवर ठीक आहे, पण तो एक गोष्ट विसरतो. टाइप निवडतो लिहिणारा, आणि अडतो वाचणारा! लिहिणाऱ्याचे डोळे शाबूत असल्याने त्याला काही उतरवून घेण्याची गरजच वाटत नाही. वाटली, तरी पुष्कळ कचेऱ्यांतील संगणकांवर वरिष्ठांच्या परवानगीवाचून काही बसविता येत नाही. आणि एकाने बसविला, दुसऱ्याकडे नसला, तर तिकडे भलताच टाइप येऊन ओळी सरकतात, कोष्टके मोडतात. दोन्हीकडे तो आधीपासूनच असेल तरच निभावते.

फुगण्याचे म्हणाल, तर लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर कार्लिटो आणि कॅलेडिया असे दोन टाइप सोबत देते. कशासाठी? मायक्रोसॉफ्टच्या कॅलिब्री व केंब्रिया टाइपांतील कागद आले तर त्यांच्या ओळी ढळू नयेत म्हणून. परक्या कागदाच्या ओळींची एवढी काळजी वाहणाऱ्यांना दुबळ्या डोळ्यांसाठी चार टाइप जड होऊ नयेत. मात्र टाइप म्हणजे औषध नव्हे. अक्षर मोठे करा, ओळींत अंतर सोडा, करड्या शाईऐवजी काळी वापरा. याने पुष्कळदा अधिक काम होते. हे न करता नुसता टाइप बदलून पुण्य पदरात पडत नाही.

आता आपल्या घरचे. ॲटकिन्सनमध्ये देवनागरी नाही. मराठी मजकुराला तो टाइप लावा. संगणक निमूटपणे दुसऱ्या एखाद्या टाइपातली अक्षरे आणून ठेवतो. आणि घोटाळे तर आपल्याकडे अधिकच आहेत! घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, थ आणि य. 'धन' की 'घन' हे शिरोरेघेला पडलेल्या एवढ्याशा खिंडीवर ठरते. रफारावर अनुस्वार आला की दोन्ही मिळून एक डाग होतो. वर वेलांटी, खाली उकार यांना जागा द्यावी लागत असल्याने १२ पॉइंटांचे देवनागरी अक्षर त्याच मापाच्या रोमन अक्षराहून बारीक दिसते. तरी अर्जाचे नमुने दोन्ही भाषांत एकाच मापाने छापतात. ज्या मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागराने १८६९ पासून स्वच्छ टाइपाचा लौकिक मिळविला, आणि जेथे आजही देवनागरी टाइपांचे चांगले कारागीर आहेत, तेथे हे काम अशक्य का असावे?

सरकारने वा विद्यापीठाने ते हाती घ्यावे, आणि टाइप तयार झाला की सॉफ्टवेअरबरोबर तो प्रत्येक टेबलावर पोहोचावा. एक अट मात्र घालावी: पहिले नमुने चित्रकारांना दाखविण्याआधी मंददृष्टी वाचकांपुढे ठेवावेत. माझे ते स्नेही यायला तयार आहेत. बैठक तेवढी सकाळची ठेवा म्हणतात. संध्याकाळी त्यांना उजेड पुरत नाही.