परमुलखांतला गळ आणि घरची गोळी

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांत तेरखेडा हें गांव आहे. तेरणा नदीचा उगम याच परिसरांतला. पुढें ती प्राचीन तगर, म्हणजे आजचें तेर, या गांवावरून वाहत जाऊन मांजरेला मिळते. परंतु उगमाजवळची नदी म्हणजे पावसाळ्याची पाहुणी. मासे धरण्याची हौस असणाऱ्याला अशा ठिकाणीं तळ्याचाच आश्रय करावा लागतो. तळ्याकाठीं गळ टाकून बसण्याची संवय जडलेला असा एखादा गृहस्थ परदेशीं गेला, म्हणजे त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो आमिषाचा. गळ आणि दोरा कोठेंही विकत मिळेल. पण परक्या गांवीं गांडुळें उकरावयाचीं कोणाच्या बागेंत?

उत्तर बहुधा स्वयंपाकघरांतच सांपडतें. युरोपांतील तळ्यांत सर्रास आढळणारा कार्प मासा विसाव्या शतकांत भारतांत आणला गेला, आणि ‘सायप्रिनस’ या नांवानें तो महाराष्ट्रांतील तळ्यांतही वाढूं लागला. तेव्हां तेथला मासा तसा ओळखीचाच म्हणावयाचा. या कुळांतील माशांना जठर नसतें. म्हणून ते एकदम पोट भरून घेत नाहींत, थोडें थोडें टिपीत हिंडतात. पिठाची बोराएवढी गोळी त्यांना पुरते.

मात्र ही गोळी पाण्यांत टिकली पाहिजे, आणि खरी मेख येथेंच आहे. गव्हाची कणीक घट्ट मळली तर बरीच तग धरते. ज्वारीच्या पिठाला तेवढी विरी नसते. थंड पाण्यांत भिजविलेली त्याची गोळी गळावर राहतच नाहीं. भाकरीचें पीठ उतरूं लागलें म्हणजे गृहिणी तें आधणाच्या पाण्यांत मळते. गळाच्या गोळीलाही तोच उपाय लागू पडतो. पीठ नसेल तर पावाचा आंतला मऊ गर दाबून घ्यावा, आणि त्यांत कापसाचे चार तंतू मळावे. इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत कार्पासाठीं मध घातलेली गोळी सांगितली आहे, व ती धुऊन जाऊं नये म्हणून तींत थोडी लोकर मिसळण्याची सूचना आहे. साहेबाचें हें शास्त्र आपल्याकडे नवें नव्हे. त्याच्या पांचशें वर्षें आधीं, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपलीकडील कल्याणी येथें राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ हें प्रकरणच आहे. माशांच्या जाती आणि त्यांचें खाद्य यांचा विचार एका राजाला ग्रंथांत घेण्याजोगा वाटला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

गोळी कितीही चांगली असली तरी ती योग्य थरांत हवी. घरच्या तळ्यावर हें गणित आपोआप कळतें: कटला वरच्या पाण्यांत, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं. मरळ मात्र मांसाहारी; पीठ पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटत नाहीं.

आमिष साधेना म्हणजे अधीर माणूस आडमार्ग शोधतो. तेरखेडा फटाक्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. दारूचा जोर काय असतो हें तेथल्या माणसाला सांगावें लागत नाहीं. पाण्यांत स्फोट केला कीं मोठ्या माशांबरोबर पिलेंही मरतात, आणि मेलेल्यांपैकीं कित्येक तळाशीं बुडून वायां जातात. एका दिवसाच्या कालवणासाठीं पुढील हंगामाचें तळें ओस पडतें. १८९७ सालच्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानें स्फोटकें आणि विष या दोन्ही मार्गांनीं मासे मारणें गुन्हा ठरविलें, तें याचसाठीं.

परमुलखांत तर साधा गळ टाकण्यालाही परवानगी लागते. इंग्लंडांत सरकारी परवाना घेऊन शिवाय तळ्याच्या मालकाची संमति मिळवावी लागते. जर्मनींत बहुतेक ठिकाणीं परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें. परीक्षा देऊन मासे धरावयाचे, ही कल्पना तेरणेकाठच्या माणसाला पटण्यास वेळ लागेल! आणि एवढें सव्यापसव्य करून इंग्लंडांतल्या तळ्यावर कार्प गळाला लागलाच, तर तेथील रिवाजाप्रमाणें तो हळूच सोडवून पुन्हा पाण्यांत सोडावयाचा असतो. मग घरीं येऊन उरलेल्या कणकेच्या पोळ्या लाटाव्या, आणि पिठल्याशीं खाव्या.