नदीकडे जाणारी वाट

(पुण्यात नदीकाठच्या वस्तीतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय समजल्यावर आपल्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारले, "भाववाढ, बेकारी, कंत्राटी कामगारांची पिळवणूक हे सारे बाजूला ठेवून आपण आता पबसमोरच्या मोटारी मोजत बसायचे काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्यामागची शंका प्रामाणिक होती. मोटारींचा प्रश्न मोटारवाल्यांचा, तो त्यांनी आपापसात सोडवावा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. माझीही काही काळ होती. ती का बदलली एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या वस्तीच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठी, जेथे पूर्वी एक रोपवाटिका होती, तेथे काही वर्षांपूर्वी पब सुरू झाला हे आपण सारे जाणता. त्याचे नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एका मालकाचा नाही. तिकडे जाणारा रस्ता सहा मीटरचा. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री त्याच्या दोन्ही अंगांना मोटारींच्या रांगा लागतात. मोटारीची रुंदी पावणेदोन मीटर धरली, तर मध्ये अडीच मीटर उरतात. अग्निशामक बंबाची रुंदीही साधारण तेवढीच असते. म्हणजे बंब आत जाऊ शकेल, पण एकाही गाडीचा आरसा बाहेर आलेला असता कामा नये आणि बंब चालविणाऱ्याचा हात यत्किंचितही हलता कामा नये!

रस्त्याच्या टोकाशी नदीत उतरणारी एक जुनी पायवाट आहे. दशक्रियेसाठी, गणपती विसर्जनासाठी, जनावरे धुण्यासाठी माणसे याच वाटेने जात आली. पबचे गिऱ्हाईक वाढले तसा त्या वाटेवर मुरूम पडला, मग दोन खांब रोवले गेले, मग खांबांमध्ये साखळी आली. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी आपल्या वस्तीतील एक वृद्ध बाई गोधड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन तेथे गेल्या, तेव्हा साखळीजवळच्या रखवालदाराने त्यांना सांगितले, "आजी, इकडून नाही, गाड्या लागतात इथं. पुलाकडून फिरून जा." पुलाकडून जायचे म्हणजे अर्ध्या तासाची चाल. बाई भांडल्या नाहीत, परत आल्या. रखवालदाराचे वागणे उद्धटपणाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तो बारा तासांच्या पाळीवर उभा असलेला, मराठवाड्यातून आलेला मुलगा होता.

यानंतर काही दिवसांनी आसपासच्या गृहरचना संस्थांनी तक्रारीचा अर्ज केला. शंभराहून अधिक सह्या झाल्या आणि त्यांत माझीही एक आहे. अर्ज नेटका होता. फाटकासमोर लागणाऱ्या मोटारी, रात्री दीड वाजता दारे आपटण्याचे आवाज, भिंतीशी लघुशंका करणारे तरुण, मुलींना येताना-जाताना वाटणारी भीती, यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती. पण सही केल्यावर घरी येऊन मी तो पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की त्यात नदीचा उल्लेखच नाही. गोधड्यांच्या गाठोड्याला त्या अर्जात जागा नव्हती. अर्ज लिहिणाऱ्यांनी ती गोष्ट मुद्दाम वगळली असे मी म्हणणार नाही. त्यांना ती दिसलीच नाही, आणि माझ्याही लक्षात आली ती सही केल्यानंतर.

अर्जाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मद्याचा परवाना एका खात्याचा, उपाहारगृहाचा दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा, वाहतूक चौथ्याची आणि नदी पाचव्याची. प्रत्येक कचेरीने दुसरीचा पत्ता दिला. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. ज्याला सभागृहात उभे राहून प्रश्न विचारता येईल असा माणूसच नागरिकांना उरला नव्हता.

आता मोटारींचा हिशेब पाहू. विकास नियंत्रण नियमांत एका मोटारीसाठी अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते. उपाहारगृहाने ही जागा आपल्या आवारात राखावी अशी अपेक्षा असते. शनिवारी रात्री या रस्त्यावर मी स्वतः चाळीस मोटारी मोजल्या. म्हणजे ५०० चौरस मीटर सार्वजनिक जमीन झाली. या भागात तेवढ्या जागेचे भाडे किती होईल, हे ज्यांनी येथे एका खोलीसाठी पागडी किंवा अनामत मोजली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. त्या जमिनीवर भाजीची हातगाडी उभी राहिली तर अतिक्रमणविरोधी पथक तासाभरात ती उचलून नेते. मोटार उभी राहिली तर त्याला पार्किंगची समस्या म्हणतात. पुणे महापालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण विरोध होताच ते पाच रस्त्यांपुरते आखडते घेतले गेले. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत आपणही होतो. दुचाकीवाल्या कामगाराच्या बाजूने आपण बोललो ते योग्यच होते, पण रस्त्याचा धंद्यासाठी फुकट वापर करणाऱ्यांना वेगळे काढून दाखविण्याचे काम आपण केले नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मी अधिक विस्ताराने मांडणार आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात काय घडले ते आपल्याला आठवत असेल. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा कायद्याने घातली आहे, तरीही हा मुलगा त्या रात्री एका नव्हे, दोन ठिकाणी बसून आला होता. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. लोकांचा संताप त्या निबंधावर केंद्रित झाला, आणि ते स्वाभाविक होते. पण ज्या रस्त्यांवर रात्रीमागून रात्री हाच प्रकार चालतो, तेथील रहिवासी या अपघाताच्या आधीपासून पब आणि वाहतूक यांविषयी तक्रारी करीत होते, हे दोन महिन्यांत विसरले गेले.

दुसरी घटना गोव्याची आहे, आणि आपल्या प्रश्नाशी ती अधिक जवळून जुळते. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथे खाडीच्या पाण्याला लागून असलेल्या एका नाइटक्लबला आग लागली. पंचवीस माणसे मेली. जाण्या-येण्याची वाट इतकी अरुंद होती की बंबांना सुमारे ४०० मीटर अलीकडे थांबावे लागले. स्थानिक पंचायतीने ते बांधकाम पाडण्याचा आदेश पूर्वीच काढला होता आणि वरच्या कचेरीने त्याला स्थगिती दिली होती, असे नंतर उघड झाले. मेलेल्यांची यादी मात्र आपण नीट वाचली पाहिजे. पंचवीसपैकी वीस जण तेथे काम करणारे होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेले आचारी, वाढपी, मदतनीस. बहुतेक गुदमरून मेले, आणि त्यांतील अनेक जण खाली स्वयंपाकघराच्या बाजूला अडकले होते. पर्यटकांना दार समोर दिसत होते, कामगारांच्या वाट्याला जिना आला.

म्हणून पार्किंगचा प्रश्न हा मोटारवाल्यांचा प्रश्न आहे असे मी आता म्हणत नाही. अडलेल्या रस्त्याच्या आतल्या टोकाला नेहमी कोणीतरी कामावर असतो. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरील पबला आग लागून चौदा जण मृत्यू पावले. त्यानंतर तपासण्यांची धूम उठली. ती किती टिकली हे हडफडेने दाखवून दिले.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. पबविरुद्ध बोलू लागले की आपल्या शेजारी ताबडतोब एक प्रकारची मंडळी येऊन उभी राहतात. त्यांना रस्त्याशी किंवा नदीशी कर्तव्य नसते. मुलींनी रात्री बाहेर का पडावे, त्यांनी कोणते कपडे घालावेत, कोणाबरोबर बसावे, यात त्यांना रस असतो. आपल्या चळवळीतील अनेकांनी आयुष्यभर दारूबंदीचे काम केले. त्या कामाविषयी मला आदर आहे. गावोगावच्या स्त्रियांनी मतदान घडवून बाटली 'आडवी' केली तेव्हा तो संसार वाचविण्याचा लोकशाही लढा होता. परंतु रखवालदारीच्या आवेशाने प्रौढ स्त्री-पुरुषांना हाकलत सुटणे हा तो लढा नव्हे. आपली तक्रार कोण काय पितो याबद्दलची नाही. सार्वजनिक जागा कोणी आणि कशाच्या बळावर बळकावली, याबद्दलची आहे. हा भेद आपण पहिल्याच पत्रकात स्पष्ट केला नाही, तर आंदोलन दुसऱ्यांच्या हाती जाईल.

नदीविषयी. नदीत आता राहिलेच काय आहे, असे विचारणारे पुष्कळ आहेत. पाणी काळे आहे, खरे. त्यामुळेच तिचा काठ ताब्यात घेणे सोपे झाले आहे. पूररेषांचा नियम आपल्याकडे आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव आहे. पण मोटारी उभ्या करण्यासाठी मुरूम आणि राडारोडा टाकून जमीन दोन-तीन फूट उंचावली, तर त्याला कोणी बांधकाम म्हणत नाही. पात्र तेवढे आवळते, आणि खडकवासल्यातून पाणी सुटले की ते समोरच्या काठावरच्या झोपड्यांत शिरते. नदीकाठ सुधारण्याची ४४ किलोमीटरची सरकारी योजनाही आहे. तिच्या कामाची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी झाली. त्या काठावर सकाळी फिरायला जागा होईल. गोधडी धुवायला उतरण्याची सोय कोठे आहे, हे नकाशे पाहून विचारण्याचे काम आपले.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका मोटेलने आपली जागा वाचविण्यासाठी नदीचा प्रवाह वळविण्याचा उद्योग केला होता. त्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नद्या, किनारे, वने यांचे शासन हे केवळ विश्वस्त आहे, खासगी धंद्यासाठी ती देऊन टाकण्याचा त्याला अधिकार नाही. मोटेलला दिलेला जमिनीचा पट्टा रद्द झाला आणि झालेली हानी भरून देण्याचा बोजा त्याच्यावर पडला.

आणि पाण्याच्या वाटेची लढाई महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नसावी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. तरी महाडला चवदार तळ्यावर जाण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. त्यानंतरही तळे सार्वजनिक नसून खासगी आहे, असा दावा कोर्टात चालला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ साली लागला. आपल्या साखळीची त्या अन्यायाशी बरोबरी करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. तेथे माणसाचे माणूसपण नाकारले जात होते. पण 'हे खासगी आहे' हा युक्तिवाद मात्र ओळखीचा वाटतो, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आपण काय करावे? गृहरचना संस्थांच्या अर्जाला विरोध करू नये, त्याच्याबरोबर दुसरा अर्ज जोडावा आणि त्यात पहिली मागणी पायवाटेची असावी. त्यावर सह्या आधी खालच्या वस्तीतील बायकांच्या घ्याव्यात, माझ्यासारख्यांच्या नंतर. पबमधील वाढप्यांशी आणि गाड्या लावणाऱ्या पोरांशी बोलावे. आतून बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, तो रात्री कुलूपबंद असतो का, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. रात्री दोन वाजता ती मुले घरी कशी जातात, हेही विचारावे. पब बंद पडला तर त्यांच्या पगाराचे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे आज नाही. पण तो प्रश्न टाळून त्यांच्याकडे जाऊ नये.

वाट सार्वजनिक आहे हे मात्र कागदाने सिद्ध करावे लागेल. नगरभूमापनाच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळविण्यासाठी अर्ज केला आहे. रविवारी सकाळी सात वाजता आपण साखळीपाशी जमणार आहोत. मोजणीची टेप माझ्याकडे आहे. त्या आजींनी येण्याचे कबूल केले आहे. जुनी वाट नेमकी कोठून उतरत होती, हे त्या दाखवणार आहेत.