यंत्रराजाचे नाव

जयपूरच्या वेधशाळेत धातूचे एक प्रचंड चक्र टांगलेले आहे. ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या या यंत्राचे ग्रीक नाव अरबांनी किंचित बदलून ‘अस्तुर्लाब’ केले. युरोपातील दर्यावर्दींनी त्याचीच साधी आवृत्ती जहाजावर नेली. १३७० मध्ये महेंद्रसूरी या जैन पंडिताने मात्र त्याला संस्कृतात नाव दिले, ‘यंत्रराज’. हा शब्दाचा नव्हे, योग्यतेचा अनुवाद होय.

पुढे सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या महाराष्ट्रीय जगन्नाथ सम्राटांनी अरबी शिकून टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला आणि त्यात यंत्रांचेही वर्णन केले. यंत्राचे कार्य उमगल्यावाचून त्याचे नाव भाषांतरित होत नाही, हे आज जहाजाच्या सामग्रीला मराठी नावे योजणाऱ्यानेही ध्यानी ठेवावे.