पाण्याखालचें धैर्य

विद्या अंगीं आली म्हणजे तिच्यामागोमाग धैर्यही येतें, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः प्रमाणपत्र आणि धैर्य या दोन निराळ्या वस्तु होत. पहिली एका दिवसांत हातीं पडते. दुसरी अंगीं मुरावी लागते. हुपरीच्या चांदीकामाच्या कारखान्यांत ही गोष्ट कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. तेथें नव्या पोराच्या हातीं पहिल्याच दिवशीं नाजूक पैंजण झाळावयास कोणी देत नाहीं. तार ओढणें, कड्या वळविणें, त्या एकमेकींत गुंतविणें, असें करतां करतां हात बसतो. आणि हात बसला म्हणजे ज्योतीची भीति आपोआप ओसरते.

याच हुपरींतील एखादी तरुण मुलगी मालवणच्या समुद्रांत स्कूबाची विद्या शिकून, प्रमाणपत्र घेऊन घरीं परतली, अशी कल्पना करावी. हल्लीच्या काळांत ही कल्पना अवास्तव नाहीं. पंचगंगेच्या कांठच्या मुलांस पाण्याचें वावडें कधींच नव्हतें. पाठीस भोपळा बांधून विहिरींत पोहावयास शिकण्याची रीत या भागांत जुनी आहे. मात्र विहिरींत पोहणें आणि समुद्राच्या तळाशीं श्वास घेणें यांत मोठें अंतर आहे. पोहणाऱ्याचें तोंड हवेकडे असतें. पाणबुड्याची हवा त्याच्या पाठीवर असते.

ही हवा लागेल तेव्हां व लागेल तितकीच तोंडाशीं आणून देणारें यंत्र झाक कूस्तो व एमिल गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें. त्यानंतर समुद्राचा तळ सामान्य माणसास खुला झाला. मालवणचा समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवरील प्रवाळ व रंगीबेरंगी मासे पाहण्यासाठीं तेथें दरसाल पुष्कळ प्रवासी येतात. आणि जवळच तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्था आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. हौसेखातर कांहीं मिनिटें पाण्याखालीं जाणाऱ्या प्रवाशास शिक्षक हातानें धरूनच नेतो. त्याच्यावर कसलीच जबाबदारी नसते. प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाचें तसें नाहीं. त्याला १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदारासह, शिक्षकावांचून, उतरण्याचा अधिकार मिळतो. परंतु हा अधिकार मिळतो त्या दिवशीं, पुष्कळ ठिकाणच्या प्रथेप्रमाणें, त्याच्या गांठीं समुद्रांतल्या केवळ चार बुड्या असतात. चार बुड्यांच्या भांडवलावर छाती धडधडली तर त्यांत नवल कोणतें? ती भीति म्हणजे भित्रेपणा नव्हे. तो बुद्धीचा कौल आहे. तिला हंसून घालविण्याऐवजीं तिचें कारण शोधावें, हेंच शहाणपणाचें.

बहुतेक वेळां हें कारण श्वासांत सांपडतें. समुद्रांत दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर माणूस मिनिटास २० लिटर हवा घेत असेल, तर १० मीटरांवर त्याला टाकींतील हवा त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० लिटर लागते. बारा लिटरची टाकी २०० बार दाबानें भरली म्हणजे तींत सुमारें २,४०० लिटर हवा मावते. त्यांतील ५० बार संकटासाठीं राखून ठेवले तर १,८०० लिटर उरतात, व ते पंचेचाळीस मिनिटें पुरतात. आतां तोच माणूस घाबरून दीडपट श्वास घेऊं लागला, तर तीच हवा तीस मिनिटांत संपते. हवा झरझर संपत असलेली पाहून तो अधिक घाबरतो आणि अधिक हवा खर्च करतो. हें दुष्टचक्र तोडण्याचा उपाय एकच: थांबावें, हालचाल बंद करावी, आणि सावकाश, दीर्घ उच्छ्वास सोडावा. मात्र श्वास कधींही कोंडून धरूं नये. १० मीटरांवरून वर येतांना फुफ्फुसांतील हवा दुपटीनें फुगते. ती कोंडली तर फुफ्फुसास इजा होऊन प्राणावर बेतूं शकतें.

म्हणून पहिल्या कांहीं बुड्या उथळ असाव्यात. अधिकार १८ मीटरांचा असला तरी सहा ते आठ मीटरांत भरपूर शिकण्यासारखें आहे. शिवाय तेथें उजेड अधिक व हवेचा खर्च कमी. जागा ओळखीची असावी आणि जोडीदारही शक्य तों तोच असावा. खोली, जागा, जोडीदार व उपकरण या चारांपैकीं एका वेळीं एकच गोष्ट नवी असावी. चारही एकदम नव्या असल्या म्हणजे मनाला टेंकावयास कांहींच उरत नाहीं.

दुसरी गोष्ट उजळणीची. डोळ्यांवरील मास्कमध्यें पाणी शिरलें म्हणजे नवख्याचा जीव कासावीस होतो. नाकानें फुंकून तें पाणी बाहेर काढण्याची क्रिया सोपी आहे. परंतु ती एकदां साधली म्हणून संपली असें नाहीं. पोहण्याच्या तलावांत, शिक्षकाच्या देखरेखीखालीं, ती वीस वेळां, पन्नास वेळां करावी. मालवणचा समुद्र पावसाळ्यांत या कामास बंद असतो. ते महिने गमावले तर आश्विनांत पुन्हा पाण्यांत उतरतांना अर्धी विद्या विसरलेली असते. तेच महिने तलावांतील सरावाला दिले तर भीतीचा निम्मा भार तेथेंच उतरतो.

तिसरी गोष्ट सोबत्यांनीं सांभाळावयाची आहे. पाणबुड्यांच्या जगांत एक उत्तम नियम आहे: कोणीही, कोणत्याही क्षणीं, कारण न सांगतां आपली बुडी रद्द करूं शकतो, आणि त्याला कोणीं दोष द्यावयाचा नाहीं. नाव किनाऱ्यापासून दूर आलेली असते, पैसे भरलेले असतात, चारचौघे पाहत असतात. अशा वेळीं नको म्हणण्यास पाण्यांत उडी टाकण्याहून अधिक धैर्य लागतें. तें दाखविणाऱ्या मुलीला "एवढी शिकलीस आणि भितेस?" असें जो विचारतो, तो तिचा हितकर्ता नव्हे. उलट "आज नको, उद्यां पाहूं" एवढे दोन शब्द तिचें मन जागेवर आणतात. पोहणाराच बुडतो, अशी मराठींत म्हण आहे. तिच्यांतील इशारा भित्र्याला नसून, भिणें विसरलेल्याला आहे.

घाटावरच्या मंडळींनीं आणखी एक गोष्ट विशेष जपली पाहिजे, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यास ती सहसा सुचत नाहीं. खोल पाण्यांत दाबाखालीं हवेंतील नत्रवायु रक्तांत व शरीराच्या पेशींत विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. म्हणूनच वर येतांना घाई करूं नये व पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, असा प्रघात आहे. बाहेरचा दाब त्वरेनें घटला तर त्या वायूचे बुडबुडे होऊन सांधे दुखूं लागतात, क्वचित् अर्धांगासारखे विकारही ओढवतात. या कारणास्तव एकाहून अधिक बुड्या घेतल्यानंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये असें सांगतात. घाट म्हणजे विमान नव्हे, हें खरें; तरीही कोल्हापूरचें पठार समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांहून अधिक उंच आहे व गगनबावड्याचा माथा त्याहूनही वर. तेव्हां दुपारीं बुडी आणि सायंकाळीं घाट, ही घाई टाळावी. रात्रीं मालवणांत मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं निघावें, हें सुरक्षित.

राहतां राहिली बुड्यांची वही. तींत तारीख, खोली, वेळ व उरलेली हवा यांची नोंद करण्याचा शिरस्ता आहे. त्याखालीं त्या दिवशीं काय साधलें, याची एक ओळ अवश्य लिहावी. पहिल्या बुडीला तीस मिनिटें पुरलेली टाकी पंधराव्या बुडीला त्याच खोलीवर चाळीस मिनिटें पुरली, हें आपल्याच अक्षरांत वाचल्यावर मनाला निराळ्या धीराची गरज भासत नाहीं.

घरच्या वडीलधाऱ्यांचें कर्तव्य यांत थोडें, पण मोलाचें आहे. काळजीपोटीं मुलीला पाण्यापासून कायमचें दूर ठेवूं नये, आणि कौतुकापोटीं तिला पाण्यांत लोटूंही नये. तिच्या कानाची व छातीची वैद्यकीय तपासणी झाली आहे कीं नाहीं, सर्दी असतांना ती उतरत नाहीं ना, जोडीदार विश्वासाचा आहे ना, एवढें विचारावें. आणि ती बुडी न घेतां परत आली तर बुडी घेऊन आल्याइतक्याच आनंदानें तिला जेवावयास वाढावें. माघारीं येण्यास घरचें दार मोकळें आहे, हें ज्याला ठाऊक असतें, तोच खोल पाण्यांत शांत मनानें श्वास घेऊं शकतो.