भांगातली पांढरी रेघ

दर वेळी आम्ही इथे बसतो ते हप्ता, व्याज आणि पापड-कुरडयांच्या गोष्टी घेऊन. आजचा विषयसुद्धा गटाच्या बैठकीतूनच निघालाय, पण तो इतिवृत्ताच्या वहीत कुठेच लिहिलेला नाही. विषय आहे केसांच्या कलपाचा. तो लावायचा कसा हे सगळ्यांना येतं. सोडायचा कसा, हे बोलूया.

आम्ही म्हणजे कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गटांच्या बाया. कुणी कशेळ्याकडच्या, कुणी कडावच्या, कुणी चौक-वावोशी भागातल्या. ही बोलणारी आमच्यातली समन्वयक, वय 37, आणि पहिला पांढरा केस कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला दिसलेला. तेव्हापासून महिन्याच्या खर्चात मीठ-मिरचीसारखी कलपाची पुडी धरलेलीच. हसू नका, तुमच्यातही अशा असतील.

गेल्या साली गौरी यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. त्या दिवसांत आपल्याकडे घर साफ करायचं, डबे घासायचे आणि डोक्याला पुडी लावायची, ही कामं एका दमात होतात. आमच्या एका वहिनीनं संध्याकाळी पुडी लावली. पाच-सहा वर्षं तीच पुडी. वर्षभर लावल्यावर कपाळाला आणि कानामागे खाज यायची, ती खोबरेल तेल चोळून गप्प बसायची. त्या रात्री डोकं पेटल्यासारखं झालं आणि सकाळी डोळे उघडेनात. पापण्या इतक्या सुजल्या की धाकटा पोरगा घाबरून रडायला लागला. डोक्याच्या कातडीतून पाणी झिरपत होतं. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पुडी मागवली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. काळ्या रंगाच्या बहुतेक पुड्यांत आणि बाटल्यांत पीपीडी नावाचं रसायन असतं. पूर्ण नाव पॅराफिनिलिनडायअमाइन, आम्हाला ते तीन वेळा म्हणून पाठ करावं लागलं. काळा रंग पक्का बसतो तो त्याच्यामुळे, आणि अंगाला ॲलर्जी होते तीही बहुतेक वेळा त्याच्यामुळेच. ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं त्यातही बहुधा तेच असतं. निव्वळ मेंदीच्या पाल्यानं केस काळे होत नाहीत, पांढऱ्या केसांवर ती केशरी-लाल चढते. तेव्हा मेंदीच्या नावाखाली काळा रंग दिसला, की पुडी उलटी करून वाचायची.

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं सोसलेला कलपसुद्धा एक दिवस सोसेनासा होतो. आणि एकदा का शरीरानं त्याच्याशी वैर धरलं, की ते बहुधा जन्मभराचं. पुढच्या वेळी सूज याहून जास्त येईल. म्हणजे आता कलप कायमचा बंद.

वहिनीचा पहिला प्रश्न काय होता माहीत आहे? डोळे अजून मिटलेलेच आणि ती विचारते, “मग दिवाळीनंतर भाच्याचं लगीन हाय, त्याला मी काय करू?” डॉक्टर हसले. आम्ही नाही हसलो. आम्हाला तो प्रश्न बरोबर कळला होता.

कारण कलप सोडणं म्हणजे एका दिवसात पांढरं होणं नाही. तसं असतं तर एक दिवस लोक बोलले असते आणि विसरले असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, कधी थोडा जास्त. रंग असतो तो बाहेर आलेल्या केसाला, मुळाला नाही. मुळाशी केसाला रंग देणाऱ्या पेशी थकल्या की केस आतूनच पांढरा येतो. म्हणून महिन्याभरात भांगात चुन्यानं आखल्यासारखी रेघ दिसते, दोन महिन्यांनी दोन बोटं पट्टा. पुढे वेणी खाली काळी आणि वर पांढरी. कमरेपर्यंत केस असतील तर टोकापर्यंत एकसारखे व्हायला चार-पाच वर्षं लागतात, खांद्यापर्यंत असतील तर दोन-अडीच. आणि रोज कुणीतरी विचारणार, “काय गो, बरी हायेस ना? आजारी दिसतेस.”

पुढच्या बैठकीला वहिनी डोक्यावरून पदर घेऊन आली. एरवी ती कधी घेत नाही. कर्जाचे अर्ज बाजूला राहिले. बोलता बोलता आमच्यातल्या चौघी म्हणाल्या, आपणही सोडूया, बघू काय होतं ते. त्यागबिग काही नव्हता हो. एकीला पुडीचा कंटाळा आला होता, एकीला खाज सुटतच होती, एक हिशेबी होती, आणि चौथी ही बोलणारी, जिला समन्वयक म्हणून मागे राहणं शोभलं नसतं.

हिशेबी बाईचा हिशेब ऐका. घरी पुडी आणली तर खर्च थोडा, पण कर्जतला पार्लरमध्ये गेलं की एका वेळेचे पाचशे-सहाशे जातात. लग्नसराईत ती दोनदा जायची. गटाची आमची महिन्याची बचत 100 रुपये. म्हणजे सहा महिन्यांची बचत एका डोक्यावर ओतून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पांढरं. तिनं हे सांगितल्यावर दोघी-तिघींनी मनातल्या मनात बोटं मोजली, ते आम्हाला दिसलं.

मधल्या महिन्यांत आम्ही काय काय केलं ते सांगतो, कारण बाया हेच विचारतात. एकीनं केस खांद्यापर्यंत कापले. सासूबाई म्हणाल्या, सवाष्णीनं केस कापू नयेत. मग दर महिन्याला टोकाची दोन बोटं कापायची असं ठरलं, तेवढं सासूबाईंना दिसलं नाही. भांग एकाच जागी ठेवला तर पट्टा ठळक दिसतो, बाजूला किंवा नागमोडी पाडला तर कमी. आंबाडा घालून गजरा माळला की खालचा काळा भाग त्यात जातो. एकीनं साधी मेंदी लावून पाहिली, केशरी झाली आणि केशरी-काळा-पांढरा असे तीन रंग एकाच वेणीत आले. तिला आम्ही तिरंगा म्हणायचो, तीही हसायची.

बांधावर माका उगवतो, त्याचं तेल आमच्या आज्या करायच्या. ते लावा, डोकं शांत वाटतं, पण त्यानं पांढरा केस काळा होत नाही, तेव्हा त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. एक पांढरा उपटला की सात येतात हेही खोटं आहे. एका मुळातून एकच येतो, मात्र उपटून उपटून ते मूळच जायची भीती. पांढरे केस थोडे राठ असतात आणि चुलीच्या धुरानं पिवळट पडतात. स्वयंपाक करताना डोक्याला फडकं बांधायचं आणि शिकेकाईनं धुवायचं, एवढं पुरतं. पंचविशीच्या आतच केस पिकायला लागले असतील तर एकदा तपासून घ्यावं. बहुतेकदा ते घराण्यातूनच आलेलं असतं, पण बी-12 कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलेलं असलं तरी तसं होऊ शकतं.

आणि एक गोष्ट जरा जोरात सांगतो. घरात पुडी असेल तर पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. कलप पोटात गेला तर गळा सुजतो, श्वास अडकतो, जीव जाऊ शकतो. घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच मोठं रुग्णालय गाठायचं.

आता वहिनीकडे परत येऊ. ती एका फार्महाउसवर स्वयंपाकाला आणि वाढायला जाते. नाव सांगत नाही, आपल्या भागात फार्महाउस थोडी का आहेत. तीन महिन्यांनी तिथला व्यवस्थापक म्हणाला, “मावशी, पाहुण्यांसमोर नका येऊ, तुम्ही आतच बघा.” आधी ती वहिनी होती, पांढरा पट्टा दिसल्यावर मावशी झाली. वाढायला गेलं की पाहुणे हातावर शंभर-दोनशे ठेवतात, ते बंद झालं. आम्ही चिडलो, तिघी जाऊन बोलूनही आलो. त्यानं गोड बोलून चहा पाजला आणि बदल काही केला नाही. ती अजून आतच आहे. सगळं सुरळीत झालं असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालेलं नाही.

गंमत म्हणजे त्याच फार्महाउसवर मुंबई-पुण्याच्या बाया येतात, त्यांतल्या कितीतरी पांढऱ्या केसांच्या, छान कापलेल्या. 2020 च्या टाळेबंदीत पार्लरं बंद पडली तेव्हा शहरात अनेकींनी कलप सोडला तो सोडलाच. आम्हीही तेव्हा सोडला होता, दुकानात पुडी मिळत नव्हती म्हणून. दुकानं उघडली आणि आम्ही पहिल्या आठवड्यात रांगेत. तर वहिनी म्हणते, तीच पांढरी बट गाडीतून उतरली की फॅशन, आणि वाडीतून चालत आली की म्हातारपण. इंदिरा गांधींच्या डोक्यावरची पांढरी बट आमच्या आजीला फार आवडायची. ती म्हणायची, राज्य करणाऱ्या बाईला सगळं शोभतं.

आमच्यातली एक आजी तर वेगळ्याच अडचणीत होती. वय 74, केस कुळकुळीत. पूर्वी 65 च्या पुढच्यांना एसटीत अर्धं तिकीट होतं तेव्हा कंडक्टर तिच्या केसांकडे बघून आधार कार्ड मागायचा. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं आणि तिची कटकट गेली. आता पंचाहत्तरी पूर्ण झाली की एसटीचा प्रवास फुकट. ती म्हणते, पुन्हा कार्ड दाखवत बसण्यापेक्षा केसच पांढरे करते. तिनं या संक्रांतीपासून सोडलंय.

चौघींमधली एक मात्र परत कलपावर गेली. मुलाची सोयरीक जमत होती, मुलीकडचे येणार म्हणून आदल्या रात्री लावला. आम्ही बैठकीत तिला टोमणे मारले. ती काही बोलली नाही, पुढच्या बैठकीला आलीच नाही. हे आमचं चुकलं. आणि ते चुकलं हे आमचं आम्हाला कळलं नाही, दुसऱ्या एकीनं सांगितलं तेव्हा कळलं.

ती खालापूरकडची. नवरा गेला तेव्हा 41 वर्षांची. आधी कलप लावायची. दिवसकार्य झालं, महिना गेला, भांगात रेघ आली. लोक म्हणाले, बिचारी दुःखानं पिकली. केस आधीपासूनच पिकलेले होते, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. एकदा वाण्याकडे पुडी मागितली तर बाजूची बाई म्हणाली, “आता कुणासाठी?” ती पुडी न घेता घरी आली. सहा वर्षं झाली त्याला. आमचं सगळं ऐकून ती बैठकीत म्हणाली, “तुम्ही सोडताय ते मर्जीनं. मी कधी सोडलं, मला कुणी विचारलं का? आणि आता तुम्ही पण तिला तेच करताय.”

बैठकीत कुणालाच काही सुचेना. मग समन्वयक बाईला पुस्तकातलं आठवलं, बी.ए.चा तेवढा तरी उपयोग. आपल्याकडे पूर्वी काही जातींत विधवेचं डोकं भादरायचे. नारायण मेघाजी लोखंडे, गिरणी कामगारांचे पुढारी आणि जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक साथी. त्यांच्या पुढाकारानं 1890 साली मुंबईत नाभिक एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. आमच्यातली एक लगेच म्हणाली, “म्हणजे तेव्हा पण बाईला नाहीच विचारलं, न्हाव्यांनीच ठरवलं.” त्यांनी चांगलंच ठरवलं होतं, पण तिचंही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोयरीकवालीच्या घरी गेलो. चहा झाला. तिचे केस काळे होते, छान दिसत होती, तसं सांगितलं. पुढच्या बैठकीला ती आली.

आणि खालापूरच्या ताईनं आमच्याकडून पुडी मागवून घेतली. आम्ही एकच अट घातली, आधी चाचणी. पुडीवरच्या सूचनेप्रमाणे थोडं मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि दोन दिवस थांबायचं. खाज, लाली, फोड काहीही आलं तर पुडी कचऱ्यात. काही आलं नाही तरी पुढच्या वेळी पुन्हा चाचणी करायची, एकदा जमलं म्हणून कायम जमेल असं नाही. ज्यांना आधी त्रास झालाय त्यांनी चाचणीच्याही वाटेला जाऊ नये. भुवया-पापण्यांना तर कधीच लावू नये, डोळे जातात, तसा इशारा पाकिटावरच छापलेला असतो.

तिच्या कोपराला काल संध्याकाळी ठिपका लावलाय. आज ती आमच्याबरोबर इथे रेकॉर्डिंगला आली आहे, बाही वर करून बसली आहे. सकाळपासून आम्ही चार वेळा बघितलं. अजून लाल नाही. उद्या संध्याकाळपर्यंत थांबायचंय.