युद्धकाळ, शांतिकाळ व परदेशची मदत
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-सप्ताहांत चर्चच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानांत लोक चर्चच्या इतिहासाची अपेक्षा करितात. तो इतिहास याच पुस्तिकेंत अन्यत्र आला आहे, व माझ्याहून अधिक जाणत्या हातानें लिहिला गेला आहे. मी आज निराळ्याच विषयावर बोलणार आहें, आणि त्याचें कारण आपल्या ज्युबिली-समितीच्या बैठकींत घडलेला एक प्रसंग होय. युद्धपीडितांच्या साहाय्यार्थ या वर्षीं चर्चच्या दाराशीं एक पेटी ठेवावी, असें ठरत होतें. तोंच एका वृद्ध सभासदांनीं विचारिलें, "फादर, पैसे देण्यास माझी ना नाहीं, पण ते कोणत्या बाजूच्या लोकांना जाणार? ज्यांचें आपल्या देशाशीं सख्य नाहीं, त्यांच्या घरीं आपला रुपया कां जावा?" कोणी हंसले, कोणी रागावले. मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. मोठमोठीं राष्ट्रें मदतीची थैली सोडण्यापूर्वीं हाच प्रश्न विचारीत असतात. ते फक्त तो इतक्या सरळ शब्दांत विचारीत नाहींत.

आपल्याविषयींही तो एकदां विचारला गेला होता. १९५४ सालीं अमेरिकेनें आपल्या शेतकऱ्यांचें शिलकी धान्य मित्रराष्ट्रांस सवलतीनें देण्याचा कायदा केला. पी. एल. ४८० हें त्याचें नांव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं बसलेलें आहे, कारण रेशनच्या दुकानांतील तो तांबडा गहू याच कायद्याचा. १९६५ सालीं पाऊस फसला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पाकिस्तानाशीं युद्ध झालें. अमेरिकेनें दोन्ही देशांची शस्त्रास्त्रांची मदत थांबविली. गहू अगदीं बंद केला नाहीं. परंतु दीर्घ मुदतीचा करार न करितां महिन्या-महिन्याच्या हिशेबानें तो सोडण्यास आरंभ केला. भारतानें व्हिएटनामच्या युद्धावर टीका केली, तेव्हां तर अध्यक्ष जॉन्सन यांचा हात अधिकच आखडला. पुढच्या वर्षींही पाऊस झाला नाहीं. १९६६ सालीं सुमारें एक कोटी टन धान्य बाहेरून आणावें लागलें, व त्याचा मोठा भाग अमेरिकेचा होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं सोमवारीं रात्रीं उपास करण्याची विनंति देशास केली होती, तीही याच टंचाईच्या काळांतली.

त्या गव्हाची निंदा करण्यास माझी जीभ रेटत नाहीं. त्यानें असंख्य माणसें जगलीं. परंतु जनावरास आंखूड दाव्यानें बांधून त्याच्यापुढें वैरण टाकावी, तसा तो प्रकार होता, आणि ज्यांनीं ती भाकरी खाल्ली त्यांना तें दावें अजून आठवतें. प्रश्न विचारणाऱ्या त्या सभासदांनींच मला तें सांगितलें. त्या दिवसांत ते शाळकरी मुलगा होते.

दुसरी गोष्ट आपल्याच धर्मबांधवांची, व आपल्याच शेजारची आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें पोलंडच्या सुमारें पांच हजार निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध. आणि बहुतेक कॅथोलिक. ते येथवर कसे आले? सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मनी व सोव्हिएट रशिया यांनीं पोलंड वांटून घेतला, आणि रशियानें आपल्या वांट्याच्या भागांतील लाखों लोकांस सैबेरियाकडे व कझाकस्तानांत नेऊन टाकिलें. जून १९४१ मध्यें हिटलरनें रशियावरच चाल केली. एका रात्रींत कालचा शत्रु इंग्लंडचा मित्र झाला. जुलैमध्यें तह झाला, आणि या बंदिवानांचीं दारें उघडलीं. त्यांतील कित्येक इराणमार्गें हिंदुस्थानांत आले. वळिवड्यास त्यांनीं चर्च उभारिलें, शाळा चालविल्या, नाटकें केलीं. कोल्हापूरच्या बाजारांत पोलिश बायका भाजी घेऊं लागल्या. पंचगंगेच्या कांठीं पोलंडच्या भाषेंत नाताळचीं गीतें उठत होतीं, हें ऐकून कोणास नवल वाटणार नाहीं?

युद्धानें त्यांना आसरा दिला. शांतता आली ती मात्र त्यांचा आधार काढून घेत आली. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करीत असे. जुलै १९४५ मध्यें, म्हणजे युरोपांतील युद्ध जिंकल्यावर दोनच महिन्यांनीं, इंग्लंड व अमेरिका यांनीं त्या सरकारची मान्यता काढून घेतली. विजयी पक्षाचीं हीं माणसें विजयानंतर बेवारस झालीं. पुढें कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियास गेले, कांहीं मायदेशीं परतले; कांहींजण कोल्हापूरच्या मातींतच विसावले. रिकाम्या झालेल्या त्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, व त्या वसाहतीचें गांधीनगर झालें. एका युद्धानें बांधलेलें छप्पर दुसऱ्या आपत्तीच्या कामीं आलें.

२०२२ सालीं युक्रेनमधून पळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांस पोलंडनें सीमा उघडली, तेव्हां कोल्हापूरचें नांव पुन्हां निघालें. ती जुन्या उपकाराची फेड होती, असें मी म्हणणार नाहीं. पोलंडनें तेव्हां सर्वांनाच आंत घेतलें. पण वॉर्सा शहरांत कोल्हापूरच्या नांवाचें एक स्मारक आहे, एवढें खरें.

आतां सोलापुराकडे येतों. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं या शहरांत झाला. १९३७ सालीं जपाननें चीनवर आक्रमण केलें. चिनी सेनानी चू तेह यांनीं पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. कॉंग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं देशास आवाहन केलें, व सुमारें २२,००० रुपये जमले. हा देश तेव्हां स्वतःच पारतंत्र्यांत होता, हें विसरूं नका. आठच वर्षांपूर्वीं, १९३० सालीं, सोलापुरानें लष्करी कायदा सोसला होता. १९३१ च्या जानेवारींत या गांवचे चार पुत्र फांसावर गेले होते. अशा देशानें पांच डॉक्टर परक्या युद्धांत पाठविले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी हे सप्टेंबर १९३८ मध्यें मुंबईहून निघाले.

चौघे परतले. कोटणीस राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करितांना बोट कापून, रक्त विषारी होऊन १९३९ सालीं वारले होते. त्यांच्या नांवाच्या इस्पितळाचे कोटणीस १९४१ सालीं प्रमुख झाले. चिनी भाषा ते शिकले, तेथील क्वो चिंगलान या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. मुलाचें नांव यिनह्वा ठेविलें. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मूल अवघें तीन-चार महिन्यांचें असतांना, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यानें कोटणीस वारले. वय बत्तीस.

एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. कोटणीस अखेरच्या वर्षीं चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. १९४९ नंतर त्याच पक्षाच्या राज्यांत परदेशी मिशनरी हद्दपार झाले, व आपल्या धर्मबांधवांनीं फार सोसलें. तेव्हां मदत कोणत्या बाजूस गेली, हा प्रश्न मलाही कोटणीसांविषयीं विचारतां येईल. मीं तो स्वतःशीं अनेक वेळां विचारला आहे. प्रत्येक वेळीं मला त्या शस्त्रक्रियेच्या मेजावरचा जखमी मनुष्य दिसतो, आणि प्रश्न पुढें सरकत नाहीं. शोमरोनी मनुष्यानेंही वाटेंत पडलेल्यास त्याचा पक्ष विचारला नव्हता.

पुढें काय झालें तें आपण जाणतां. १९५४ सालीं पंचशीलाचा करार झाला, १९६२ सालीं युद्ध. दोन्ही देशांचे राजदूत परस्परांच्या राजधानींत पुन्हां यावयास १९७६ साल उजाडलें. या सर्व काळांत सोलापूरच्या त्या मुलाची कबर शिजियाझुआंग येथें होती व आहे. २००६ सालीं चीनचे अध्यक्ष हू जिंताओ मुंबईस आले, तेव्हां ते कोटणीसांच्या आप्तांस भेटले. जून २०२० मध्यें गलवान खोऱ्यांत आपले वीस जवान पडले. आणि त्याच वर्षीं कोटणीसांचा पुतळा चीनमध्यें उभारला जाणार असल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली. एका डॉक्टरानें सीमेचा तंटा मिटला नाहीं. तो मिटेल अशी अपेक्षाही त्यानें केली नसावी. त्याचें सोलापुरांतील घर आज स्मारक आहे. आपल्यापैकीं किती जणांनीं तें पाहिलें आहे? मी स्वतः या गांवीं येऊन कित्येक महिने लोटल्यावर तेथें गेलों, हें कबूल करितों.

पेटी तयार झाली आहे, व रविवारपासून दाराशीं राहील. तिच्यावर एखाद्या देशाचें नांव घालावयाचें कीं नुसतें 'युद्धपीडितांसाठीं' असें लिहावयाचें, हें समितीनें शनिवारीं ठरवावयाचें आहे. माझें मत मीं सांगितलें. त्या वृद्ध सभासदांनीं आपलें अजून सांगितलेलें नाहीं. पेटीला रंग मात्र त्यांनींच दिला आहे.